आपण अजून कार्यरत आहात का?

१

सोळा नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी, रसमड्यातल्या एका कारखान्याचे नऊ वर्षांचे कागद नाहीसे झाले. कागद म्हणायचं ते आपलं जुन्या सवयीनं. हा कारखाना जवळच्या पोलाद प्लांटसाठी रोलर बनवतो, आणि प्रत्येक रोलरसोबत त्याच्या तपासणीचा दाखला जातो. ते सगळे दाखले आणि सगळी ड्रॉइंगं एका फोल्डरात होती, आणि फोल्डर होतं क्लाउडवर. खऱ्या कागदाच्या फायली तीन वर्षांपूर्वीच भंगारात गेलेल्या. त्या शोधण्यात फार वेळ जातो म्हणे! तर त्या सोमवारी सव्वाआठला माणसं कॉम्प्युटरसमोर बसली तेव्हा फोल्डर नव्हतं, आणि ज्या खात्यात ते होतं ते खातंही नव्हतं.

चोर मात्र दुपारच्या डब्याच्या आत ठरला. खातं केवलराम कापगते या क्लार्कच्या नावाचं. केवलराम पंधरा दिवसांपूर्वी निवृत्त झालेला. त्याचा जावई मोहित पुढच्याच गल्लीतल्या दुसऱ्या रोलरवाल्याकडे कामाला. झालं, आणखी काय हवं? डोकं चालवायचे कष्ट कोण घेणार!

विजया भुसारींना हे कळलं ते पाच डिसेंबरला, शनिवारी सकाळी. मरोद्यात त्यांचं आणि केवलरामचं घर एका भिंतीला भिंत लावून. केवलरामची बायको शकुबाई पदर तोंडाशी धरून दारात उभी राहिली.

"बाई, आमच्या घरच्याले चोर म्हनून राहिले. सोमवारी पोलिसात देतो म्हन्ते. तीन दिवस झाले, त्याईनं धड घास नाई खाल्ला."

"आणि तू आज सांगतेस?"

"कोन्या तोंडानं सांगू बाई? लाज वाटते न."

विजयाबाईंनी हातातला चहा तसाच ठेवला. प्लांटच्या अभिलेख विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. हरवलेल्या फायली शोधणं हेच काम. शंभरातल्या नव्वद फायली चोर नेत नाही, आळशी माणूस हरवतो, हा हिशेब त्यांनी तेव्हाच करून ठेवला होता. आळशी माणसाबद्दल त्यांना जेवढा तिटकारा होता तेवढा चोराबद्दलही नव्हता. चोर निदान हातपाय हलवतो.

केवलराम खाटेवर बसला होता. हातात मोबाइल, नजर मोबाइलवर. दाढी वाढलेली.

"काही नेलंस का रे तिथून?" विजयाबाईंनी सरळ विचारलं.

"नाई जी बाई. हेल्मेट वापस केलं, गेटपास वापस केला, कपाटाची चाबी देल्ली. अर्धा सरलेला पेन होता, तोई टेबलावर ठेवून आलो. मोबाइलवर विचारलं त्याचंई खरं तेच सांगतलं. आनखी काय करू?"

"मग मोबाइलकडे काय बघत बसलायस सारखा?"

तो ओशाळला. "सकाळी फोन येत होते न मले. कोडसाठी."

हळूहळू उलगडलं ते असं. क्वालिटी आणि स्टोअर मिळून चौदा माणसं, आणि चौदाही जण एकट्या केवलरामच्या खात्यात काम करत होते. सकाळी खातं उघडलं की केवलरामच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड यायचा. मग सव्वाआठला सुरू: 'काका, कोड सांगा.' निवृत्त झाल्यावरही पंधरा दिवस फोन येतच होते. तो अंघोळ उरकून तयार बसायचा.

"सोळा तारखेपासून येकाचाई फोन नाई आला," केवलराम म्हणाला. "कावून बंद झाले तेई कोनी सांगतलं नाई. मंग मोहितकडून आयकलं, का मले चोर ठरवलं."

"चौदा माणसांना चौदा खाती का नव्हती?"

"कॉम्प्युटरवाले पीयूष साहेब म्हनले, येकेकाचं बनवत बसलो त दिवस जाईन माहा. तुमचं बनलं हाये, तेच वापरा सगळे."

"आणि नऊ वर्षं वापरलंत?"

"हाव."

विजयाबाईंनी कपाळावर हात मारला. मग उठल्या, चप्पल घातली आणि शकुबाईला म्हणाल्या, "त्याला दोन घास भरव. मी रसमड्याला जाऊन येते."

२

कारखान्याचा मालक शामसुंदर डबीर त्यांना चांगला ओळखत होता. प्लांटमध्ये असताना त्यांनी त्याचे अर्धवट भरलेले कागद दोनदा परत पाठवले होते. त्यांना केबिनच्या दारात पाहताच तो खुर्चीतून उठून उभा राहिला. आठ वर्षं झाली होती, पण भीती काही गेली नव्हती.

"मॅडम, तुम्ही? बसा ना! चहा?"

"चहा नको. केवलरामची तक्रार लिहिलीय म्हणे."

"लिहून ठेवलीय. सोमवारी देतो. पंधरवड्यात प्लांटची ऑडिट टीम येतेय मॅडम, दाखले नसले तर आमचं काम बंद! आणि ज्याला घरचा माणूस समजलो त्यानं हे करावं? जावयासाठी?"

"चोर सोळा तारखेलाच कळला ना तुम्हाला? मग वीस दिवस तक्रार खिशात घेऊन का हिंडताय?"

"पीयूष म्हणाला, थांबू या. म्हातारा माणूस आहे, स्वतः आणून देईल. सहा तारखेपर्यंत वाट बघू, सात तारखेला, सोमवारी तक्रार देऊ."

"सोमवार त्यानं ठरवला?"

"हो. मन फार मोठं आहे पोराचं."

पोराचं वय पस्तीस. भिंतीवर त्याचा फोटो होता, हातात फुलं, गळ्यात शाल, आणि खाली अक्षरं: 'ऑफिस सॉफ्टवेअरच्या कामात दरमहा अकरा तासांची बचत. पीयूष लांजेवार, अ‍ॅडमिन.' विजयाबाईंनी चष्मा वर करून ती सबंध वाचली.

"या अकरा तासांत करतो काय तो?"

 हा प्रश्न आजवर शामसुंदरला पडलाच नव्हता.

"आणि केवलरामचं खातं कुठे गेलं?"

"ते पीयूषनंच बंद केलं. चोरी झालीय कळल्याबरोबर. सुरक्षेसाठी."

"किती वाजता?"

"ते… तो आल्यावर. दहा-साडेदहाला."

 विजयाबाईंनी पर्समधून छोटी वही काढली आणि 'दहा' लिहून त्याभोवती गोल केला.

३

हेमराज चुटे क्वालिटीत तपासनीस होता. चौदातला एक. शनिवारचा अर्धा दिवस, निघायची घाई, त्यात ही बाई प्रश्न विचारतेय म्हणून तो कपाळाला आठ्या घालून उभा.

"काकानंच नेलं, सगळ्याईले मालूम हाये."

"सगळ्यांना कसं मालूम? कोणी पाहिलं?"

"पाहिलं त कोनीच नाई. पीयूष सरनं सांगतलं."

"त्या सकाळी पहिल्यांदा कोणाला कळलं?"

"मलेच. सव्वाआठले खातं उघडाले गेलो त म्हन्ते असं खातंच नाई. मंग मीच पीयूष सरले फोन केला. झोपेतच होते ते. दहाले आले."

"म्हणजे खातं सव्वाआठलाच नव्हतं?"

"नव्हतंच न."

वहीतल्या 'दहा'वर विजयाबाईंनी फुली मारली. सव्वाआठला जे नव्हतं ते या महाशयांनी दहाला येऊन बंद केलं!

"मग आता काम कसं करता?"

"नवीन खातं देल्लं. येकच. कोड आता माह्या मोबाइलवर येते." हेमराजनं तोंड वाकडं केलं. "सकाळी आंघोळ करू देत नाईत लोक. बरं, येक फायदा झाला. ते दर येक तारखेचं लचांड गेलं."

"कोणतं लचांड?"

"येक मेल येत होता जी. 'आपण अजून या संस्थेत कार्यरत आहात का?' खाली दोन बटनं. हो आन् नाही. काकाच दाबत होते मोबाइलवरून, आमी काई पाहत नव्हतो. या डिसेंबरात आलाच नाई. कोनालेच नाई आला, अकाउंटवाल्याईलेई नाई."

विजयाबाईंचं पेन थांबलं.

त्या तिथून उठल्या त्या थेट अनुजाच्या टेबलाशी. अनुजा भरतीपासून निरोपसमारंभापर्यंत सगळं बघायची. हसतमुख पोरगी, पण आपलं सोडून कशाचा विचार करायचा नाही असं ठरवलेली.

"कोणी नोकरी सोडली की त्याचं खातं बंद करायला तू पीयूषला कळवतेस ना?"

"आधी कळवायची मॅडम. आता गरज नाही. त्यानं सिस्टीमच अशी लावलीय की ती स्वतः सगळ्यांना विचारते. ज्यानं 'नाही' दाबलं त्याचं खातं पंधरा दिवसांनी आपोआप मिटतं. बघणं नको, विचारणं नको. तेच तर अकरा तास वाचले!"

"आणि उत्तरं कोण वाचतं?"

"कोणीच नाही," अनुजा कौतुकानं म्हणाली. "तेच तर."

एक नोव्हेंबर आणि पंधरा दिवस. विजयाबाईंनी बोटांवर मोजलं. आणि मग सकाळी खाटेवर बसून केवलरामनं सांगितलेली यादी त्यांना आठवली. हेल्मेट, गेटपास, चाबी, पेन. आणि पाचवी गोष्ट, मोबाइलवर विचारलेली, जी त्यांनी कानांवरून जाऊ दिली होती. स्वतःचाच राग आला त्यांना. चौतीस वर्षं नोकरी केली आणि शेजारच्या माणसाचं सरळ वाक्य ऐकू येऊ नये!

"अनुजा, या सॉफ्टवेअरची मदतीची पानं असतात ना? उघड. मिटवलेलं खातं परत आणता येतं का ते बघ."

"मॅडम, मिटवलं म्हणजे मिटवलं."

"आमच्याकडे बाद केलेली फाइलसुद्धा जाळण्याआधी तीन महिने गोदामात ठेवायचे. कोणीतरी रडत येणार हे ठाऊक असतं. तू उघड."

अनुजानं उघडलं, खाली सरकवलं आणि वाचता वाचता तिचं हसू मावळलं. मिटवलेलं खातं वीस दिवसांत त्यातल्या सगळ्या फायलींसकट परत आणता येत होतं. त्यानंतर कधीच नाही.

सोळापासून वीस दिवस. उद्या, रविवार, सहा डिसेंबर. कारखान्याला सुट्टी. आणि मोठ्या मनाच्या पीयूषनं तक्रारीसाठी सोमवार ठरवला होता.

४

पीयूषच्या केबिनमध्ये एसी चालू होता. डिसेंबरात! त्यानं पाय खुर्चीखाली ओढले आणि आधी मालकाकडे, मग विजयाबाईंकडे पाहिलं. मागे हेमराज आणि अनुजा दारात.

"मॅडम, आप समझ नहीं रही हैं," तो समजूत घालत म्हणाला. "हे टेक्निकल आहे. फाइलें चोरी हुई हैं, मैंने खुद देखा, मग मी खातं बंद केलं."

"दहा वाजता?"

"हां, दहा के आसपास."

"हेमराजनं तुला सव्वाआठला झोपेतून उठवलं ते काय सांगायला? की खातं नाही. जे नव्हतं ते तू बंद कसं केलंस रे?"

पीयूषनं हेमराजकडे असं पाहिलं की बिचारा अनुजाच्या मागे सरकला.

"बरं, ते सोड," विजयाबाई म्हणाल्या. "एक तारखेचा मेल. दर महिन्याला यायचा, या डिसेंबरात कोणालाच आला नाही. तुझी शाल ज्याच्यामुळे मिळाली ती गोष्ट तू गुपचूप बंद का केलीस? चोरी तर केवलरामनं केली होती ना? मग तुझ्या मेलनं काय बिघडवलं होतं?"

"वो… अपडेट चल रहा है."

"आणि सोमवारच का? कारण वीस दिवस उद्या संपतात. उद्या गेला की खातं कायमचं गेलं. मग ते चोरीला गेलं की तुझ्या आळसानं गेलं, हे जगात कोणाला कळणार नव्हतं. तेवढ्यासाठी म्हातारा पोलिसात गेला तरी तुला चाललं असतं."

"शामसुंदरजी, ही बाई बाहेरून येऊन…"

"उत्तरं कुठे येतात ती?" विजयाबाईंनी त्याला बोलूच दिलं नाही. "हो आणि नाही. कुठेतरी येतच असतील. उघड."

"मॅडम, मैं वो पढ़ता ही नहीं. उनका अलग फोल्डर है, सीधे उधर जाता है. टाइम बचता है."

"मग उघडायला काय हरकत आहे? न वाचलेलंच असेल सगळं."

पीयूष हलला नाही. शामसुंदरनं पहिल्यांदाच आवाज चढवला, "उघड!"

फोल्डर उघडलं. दोन हजारांवर मेल, सगळे ठळक काळ्या अक्षरांत, एकही उघडलेला नाही. अनुजा पुढे झाली आणि एक-एक पान मागे सरकवू लागली. डिसेंबर रिकामा. नोव्हेंबरच्या एक तारखेला ठळक अक्षरांच्या रांगेत एकच ओळ बारीक, उघडून वाचलेली. केवलराम कापगते. उत्तर: नाही.

अनुजानं त्या ओळीवर बोट ठेवलं. 

"दोन हजारांतला एकच वाचलास," विजयाबाई म्हणाल्या. "सोळा तारखेलाच वाचला असशील. सकाळी साडेदहाला तुला सगळं ठाऊक होतं. एक बटण दाबलं असतंस तर अकरापर्यंत फोल्डर परत आलं असतं. पण मग भिंतीवरचा फोटो उतरला असता."

शामसुंदरच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. "म्हणजे… मिटवलं केवलरामनंच! 'नाही' त्यानंच दाबलं ना?"

विजयाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्या पूर्वी त्याच्या अर्ध्या भरलेल्या कागदांकडे पाहायच्या. मग मोबाइल काढला, केवलरामला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"केवलराम, एक तारखेला मोबाइलवर तुला काय विचारलं होतं?"

"मी अजून कंपनीत कार्यरत हावो का, असं इचारलं होतं जी. आदल्या दिवशीच त माहा निरोप झालता. मंग मी 'नाही' दाबलं. दर महिन्याले 'हो' दाबत होतो, त्या महिन्यात 'नाही'. कावून बाई?"

"त्यानं खातं मिटलं, केवलराम. फोल्डरसकट."

पलीकडे शकुबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हंजे माह्याच बोटानं गेलं का बाई सगळं?"

"बोट तुझं. चूक तुझी नाही." विजयाबाई शामसुंदरकडे बघत बोलल्या. "ज्याला चौदा माणसांना चौदा खाती द्यायचा कंटाळा, त्यानं निवृत्त माणसाला विचारायचं तू आहेस का, आणि त्यानं खरं सांगितलं तर चोर म्हणायचं! काय करायला हवं होतं त्यानं? खोटं 'हो' दाबत बसायचं जन्मभर?"

शामसुंदरनं मान खाली घातली. मग पीयूषला म्हणाला, "आण परत."

पीयूषनं दोन ठिकाणी दाबलं. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. केवलराम कापगते हे नाव यादीत परत आलं.

५

हेमराजनं घाईघाईनं खुर्ची ओढली आणि खातं उघडायला घेतलं. पडद्यावर चौकट आली: 'नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवलेला सहा आकडी कोड टाका.' खाली साठ सेकंद उलटे मोजू लागले.

फोन अजून टेबलावर चालूच होता. पलीकडे टिंग वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं.

"काका," हेमराज म्हणाला. वीस दिवसांनी तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होता. "काका, कोड सांगा."

"कोन कोन हाये तिथं?"

"मी हावो, अनुजा मॅडम, पीयूष सर. साहेब हायेत."

"साहेबाले दे."

शामसुंदर फोनवर वाकला. "बोला केवलरामजी. ते जे झालं ना, त्याचं आपण बसून बोलू. आधी कोड…"

"साहेब, मी चोर हावो का?"

"अहो, असं काय, गैरसमज झाला होता थोडा, पीयूषनं आम्हाला…"

"दोनच बटनं हायेत साहेब. हो का नाही. मलेई असंच इचारलं होतं, मी सांगतलं."

पडद्यावर एकवीस. वीस. पीयूष एसीच्या रिमोटशी चाळा करत होता. शामसुंदरनं हेमराजकडे, अनुजाकडे पाहिलं. दोघांच्याही नजरा त्याच्यावर होत्या.

"नाही," तो म्हणाला.

"सगळ्याईले आयकू जाईन असं सांगा."

"नाही! तुम्ही चोर नाही, केवलरामजी. आमची चूक झाली."

केवलरामनं सहा आकडे सांगितले. एकेक करून, सावकाश, आणि सवयीनं दुसऱ्यांदाही. तीन सेकंद उरले असताना हेमराजनं शेवटचा आकडा टाकला. फोल्डर उघडलं. नऊ वर्षांचे दाखले, साल-महिन्यानुसार लावलेले, प्रत्येकाच्या नावात तारीख. ते सगळं लावणारा माणूस फोनवर होता.

"मिळालं का रे हेमराज?"

"मिळालं काका." हेमराजनं बाहीला डोळे पुसले. "हाये तसं हाये सगळं. तुमी लावलं होतं तसंच."

"मंग तुमचं तुमचं काढून घ्या आजच्या आज. सगळ्याईनं आपापली खाती बनवा. सोमवारी सकाळी मले फोन नका करू." तो जरा थांबला. "मी आता कार्यरत नाई."

फोन बंद झाला. शामसुंदरनं पीयूषकडे पाहिलं आणि आपल्या केबिनमध्ये जाऊन भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला. चौदा खाती बनवायला हेमराज आणि अनुजाला मिळून दीड तास लागला, आणि तोवर विजयाबाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या. मरोद्याला पोचल्या तेव्हा शकुबाई दारातच उभी होती. आत केवलराम पाटावर बसून भात-वरण खात होता आणि मोबाइल कोपऱ्यात उपडा ठेवलेला होता.